एनिडची दोरी

“सोड! अगं दोरी सोड, वर जाशील!”

सिरिल प्रॉबर्ट ओरडला तेव्हा माझ्या टाचा जमिनीवरून सुटल्या होत्या. मी दोरी सोडली आणि चर्चच्या मनोऱ्यातल्या थंडगार फरशीवर दाणकन बसले. दोन माळे वर घंटेनं एक बेसूर ठोका दिला आणि मोकळी दोरी खोलीभर वळवळत सुटली. पोस्टातली हिल्डा याप तोंडावर हात धरून हसत होती. नर्सनंच हाडं मोडून घेतली तर गावाचं काय, याची तिला काळजीपेक्षा उत्सुकता जास्त होती.

“लागलं का?” सिरिलनं विचारलं.

“नाही.”

“मंग ऊठ. दोरीला ही लोकरीची मूठ हाय न्हवं, तिच्यावर हात हाय तवर तू मालकीन. लोकर वर गेली की दोरीचं श्यापूट तेवढं धरायचं, बाकी समदं सोडून द्यायचं. घंटा वजनाची असती. तिच्यासंगं भांडायचं न्हाई.”

आता सिरिल काही असं बोलला नाही, हे उघड आहे. तो इंग्रजी बोलला. पण हेरफर्डशरच्या त्या कोपऱ्यातली इंग्रजी म्हणजे रेडिओवरची इंग्रजी नव्हे. मी वाईजवळच्या मेणवलीची, मिरजेत नर्सिंग शिकले, आणि तिथून नशिबानं उचलून मला थर्लकोट नावाच्या त्या एवढ्याशा गावात नेऊन ठेवलं. पहिले काही महिने मला त्या लोकांचं निम्मं बोलणं कळायचं नाही. कळायला लागलं तेव्हा ते मला आमच्या गावच्या बोलीतच ऐकू यायला लागलं, आणि इतक्या वर्षांनी आजही तसंच आठवतं. तेव्हा मी ते तसंच सांगणार. इंग्रजीत तू आणि तुम्ही असा भेद नाही म्हणतात, पण मनोऱ्यात सिरिल मला ‘तू’ म्हणायचा आणि बाहेर रस्त्यावर ‘तुम्ही’, एवढं मला चांगलं कळायचं.

गाव ते केवढं! एक रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना दगडी घरं, एक चर्च, एक पोस्ट, एक दारूचा गुत्ता आणि मागे सफरचंदांच्या बागा. मी त्या भागातली सरकारी नर्स. छोट्या करड्या मोटारीतून घरोघर जायचं, जखमा बांधायच्या, इंजेक्शनं द्यायची, म्हाताऱ्यांना आंघोळी घालायच्या. गावानं मला सुरुवातीला खिडकीतून पाहिलं, मग दारातून, मग एकदाचं स्वयंपाकघरात बसवून चहा दिला. त्यानंतर मी त्यांची झाले. मग मात्र माझी साडी, माझा चहातला आल्याचा तुकडा, माझं लग्न न होणं, या सगळ्यावर बोलायचा त्यांना हक्कच मिळाला. आमच्याकडे काय वेगळं असतं?

त्या चर्चमध्ये सहा घंटा होत्या. आपल्या देवळासारखी येताजाता टोला द्यावा अशी ही गोष्ट नव्हे. प्रत्येक घंटा एका मोठ्या चाकाला बांधलेली. खालून दोरी ओढली की ती तोंड वर करून उभी राहते, पुन्हा ओढली की उलटी अख्खी गिरकी घेते. एका माणसाला एकच घंटा. सहा माणसांनी गोल उभं राहायचं आणि एकीमागून एक अशा घंटा सोडायच्या, त्या अशा की मध्ये फट पडता कामा नये. सिरिल त्या सगळ्यांचा म्होरक्या. तो सगळ्यात मोठी घंटा वाजवायचा, हिल्डा दुसरी, एक खाटीक, दोन शेतकरी भाऊ. आणि सगळ्यात छोटी, जी आधी वाजते आणि जिच्या मागून बाकीच्या येतात, ती सिरिलची बायको एनिड वाजवायची. लग्नाआधीपासून वाजवायची. त्यांची ओळखही तिथेच झाली म्हणे.

आमच्या मेणवलीच्या घाटावरही वसईकडून आणलेली चर्चची घंटा टांगलेली आहे, हे मी एकदा सिरिलला सांगितलं.

“म्हंजे घंटा तुमच्याकडं गेली आन् तू हिकडं आलीस,” तो म्हणाला. “फिट्टंफाट झाली म्हनायची.”

पण मला दोरी धरायला लावण्यामागे ही गंमत नव्हती. एनिडची दोरी रिकामी झाली होती.

ऑक्टोबरात शहरातल्या डॉक्टरांनी तिचं पोट उघडलं आणि आत बघून तसंच पुन्हा शिवून टाकलं. घरी आणल्यावर तिला सांगण्यात आलं की अल्सर होता, काढला, आता हळूहळू अंगात ताकद येईल. सिरिलनंच तसं सांगायला लावलं. त्या काळी तिकडे हीच रीत होती आणि आपल्याकडे तर अजूनही आहे, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. मला ताकीद होती की मीही हेच म्हणायचं. मी रोज सकाळी तिची जखम बघायला जायचे आणि तेच म्हणायचे.

एके दिवशी मी निघाले तर सिरिल फाटकापाशी उभा. हातातली टोपी पिळत होता.

“नर्सबाई, तुम्ही दोरी धराल का?”

“कसली दोरी?”

“तिची.” तो घराकडे न बघता म्हणाला. “आमच्याकडं अशी रीत हाय, की वाजवनारं मानूस गेलं तर सहाच्या सहा वाजवायच्या. घंटेच्या लोलकाला एका बाजूनं चामड्याची गादी बांधतो आमी. मंग एक ठोका नेहमीसारखा पडतो, आन् फुडचा लांबनं, दबून. दुसऱ्या कुनासाठी तसं वाजवत न्हाईत. म्हमईच्या लाटसाहेबासाठी बी न्हाई.” (मुंबईचा लाटसाहेब माझ्या पदरचा. तो कुठल्याशा लॉर्डचं नाव घेऊन बोलला होता.) “आमी उरलो पाच. पाचावर तिला वाटंला लावायचं का मी? तिला, एनिडला?”

“गावात दुसरं कुणी नाही का?”

“हाईत की. पर तिचं अंग तुम्ही पुसता, तिला कूस तुम्ही वळवता.” त्यानं टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. “तुमच्या हातात असंल तर मला बरं वाटंल.”

मी काय म्हणणार? मी हो म्हटलं.

एनिडला सांगायचं काय, हा प्रश्नच आला नाही. पुढच्या उन्हाळ्यात राणीच्या राज्याला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती, आणि सगळ्या देशात चर्चच्या घंटा वाजवायचं ठरलं होतं. नर्स त्यासाठी शिकतेय, असं सिरिलनं तिला सांगितलं. तिनं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं.

“माझी दोरी?” ती म्हणाली. “मंग मीच शिकवते. ह्यो मानूस शिकवाया लागला तर वरडून वरडून जीव घील तुजा.”

आणि तिनं खरंच शिकवलं. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचा पलंग मांडला होता. ड्रेसिंग झालं की ती गाउनचा लोकरी पट्टा सोडायची, एक टोक पलंगाच्या उशाच्या दांडीवरून घ्यायची आणि दुसरं माझ्या हातात द्यायची. स्वतः दांडीकडचं टोक धरून ती घंटा व्हायची. मी ओढलं की ती सैल सोडायची आणि मग उलट खेचून घ्यायची. तिच्या मनगटांत तेव्हा काडीची ताकद उरली नव्हती. तरी माझी वेळ चुकली की पट्टा असा काही हिसडायची की मला हसू फुटायचं.

“हसू नगंस. पुन्यांदा. खाली आली, थांब, थांब, आता जाऊ दे. घाई कुनाची हाय? तुजी पयली घंटा. समदी तुज्या मागनं येनार हाईत. तूच धावलीस तर त्येंनी काय करायचं?”

मला ते जमायला हिवाळा गेला. कधी कधी तिला मधेच कळ यायची. मग ती पट्टा सोडून डोळे मिटून पडायची आणि मी सुईची तयारी करायचे. कळ ओसरली की म्हणायची, “चल, कुठं हुतो आपुन?” मी तिच्याकडे बघायचं टाळून पट्टा हातात घ्यायचे. जिच्यासाठी ही दोरी ओढायची तीच ती ओढायला शिकवतेय, हे मला रोज सकाळी गिळावं लागायचं. एकदा घरी परतताना मोटार थांबवून मी मनसोक्त रडले. मग तोंड पुसून पुढच्या घरी एका म्हाताऱ्याच्या पायाची पट्टी बदलायला गेले.

एप्रिल आला. एनिड आता दिवसातला बराच वेळ झोपून असायची. सिरिलनं एका रविवारी प्रार्थनेनंतर आम्हाला मनोऱ्यात थांबवून घेतलं.

“चामडं बांधून एकदा वाजवाया पायजे,” तो म्हणाला. “नर्सबाईनं त्ये कधी केलेलं न्हाई. दबका ठोका कानाला लागत न्हाई, मानूस चुकतंच. म्या पन्नास मानसं चुकताना पाहिलीत. तिच्या येळंला मला चूक नगं.”

“आन् तिला ऐकू गेलं मंजी?” हिल्डानं विचारलं.

“बुधवारी दुपारी घिऊ. दुकानं बंद असत्यात. ती जेवून झोपती. वारं आता आठवडाभर पश्चिमेचं हाय, आमच्या घराकडं काय बी जात न्हाई. आन् कुनाला बोलायचं न्हाई. एक अक्षर न्हाई. शेजारच्या ग्वेन बेव्हनच्या कानावर गेलं तर ती सांजच्याला च्या घिऊन एनिडकडं जाईल आन् ओकंल.”

कुणी बोललं नाही. खाटकानं बायकोला सांगितलं नाही, भावांनी आईला सांगितलं नाही. गुपित इतकं चोख पाळलं गेलेलं मी तिथे दुसऱ्यांदा कधी पाहिलं नाही.

बुधवारी आम्ही वर गेलो. सिरिलनं स्वतः सगळ्या लोलकांना गाद्या बांधल्या होत्या. मी एनिडची दोरी धरली, म्हटलं, “बघा हं,” आणि मग म्हणायचं असतं ते, “चालली,” असं म्हणून सोडली.

पहिला फेरा खणखणीत गेला. दुसरा आला तो मात्र कुठल्या कुठून. त्याच घंटा, त्याच ओळीनं, पण मधे डोंगर उभा राहिल्यासारख्या. पुन्हा खणखणीत, पुन्हा दबका. हिल्डाच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि हात दोरीवर असल्यामुळे तिला ते पुसता येत नव्हतं. सिरिल भिंतीकडे बघत होता. आम्ही पुष्कळ वेळ वाजवलं. त्यानं “उभ्या करा” म्हटल्यावर एकेक घंटा शांत झाली.

“बरं गेलं,” सिरिल म्हणाला. “बरं गेलं, नर्सबाई.”

आम्ही अरुंद जिन्यानं खाली उतरलो आणि चर्चच्या फाटकातून बाहेर आलो. बाहेर छान ऊन पडलं होतं. रस्ता रिकामा होता. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते कळेना. मग हिल्डानं माझा दंड घट्ट धरला.

“सिरिल,” ती म्हणाली. “पडदे बघ.”

रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या, शेवटपर्यंतच्या प्रत्येक घराचे पडदे ओढलेले होते. भर दुपारी, उन्हात. तिकडे मयत झालं की शेजारीपाजारी असे पडदे ओढून बसतात, आपल्याकडे गाणीबजावणी बंद ठेवतात तसं. मी तोवर एखाददुसऱ्या घराचे पाहिले होते. अख्ख्या गावाचे कधी नाही.

“कोन गेलं?” सिरिलनं विचारलं. अगदी खऱ्या काळजीनं विचारलं त्यानं. आणि मग त्याचं त्यालाच कळलं. वाजवणारं माणूस गेल्याशिवाय त्या घंटा तशा वाजत नाहीत. पाच वाजवणारे वर होते. राहिली कोण?

“आमी वर असतो,” तो पुटपुटला. “खाली काय हुतं त्ये बघाया आमी कधी खाली नसतोच गं.”

खरंच होतं ते. आयुष्यभर त्यानं गावाला मयताची खबर दिली, पण खबर पोचताना गाव कसं दिसतं ते त्यानं पाहिलं नव्हतं. आणि दुसरी गोष्ट मला तेव्हाच जाणवली. माझ्या साडीचा पदर चर्चकडून ओढ्याच्या दिशेला उडत होता. वारं फिरलं होतं. ओढ्यापलीकडे प्रॉबर्टांचं घर होतं आणि त्या घराच्या पुढच्या खिडकीतून सबंध रस्ता दिसतो.

सिरिल पळत सुटला. सत्तरीतला माणूस, गुडघे धरलेले, टोपी पडली ती उचलायलाही थांबला नाही. मी त्याच्या मागे. पदर कमरेला खोचून मी मेणवलीतही इतकी कधी पळाले नसेन.

घराचं मागचं दार सताड उघडं होतं. पुढच्या खोलीत शेजारीण ग्वेन बेव्हन खुर्चीत बसून रुमालात तोंड खुपसून रडत होती. टेबलावर तिचा अख्खा केक, कुणी गेलं की सुतकाच्या घरी नेतात तसा, फडक्याखाली झाकलेला. आणि एनिड पलंगावर पाय खाली सोडून बसली होती. खांद्यावर शाल घेऊन ती ग्वेनच्या कपात चहा ओतत होती.

“आलास?” ती सिरिलला म्हणाली. “ग्वेनला लई दणका बसलाय बघ. तुला धीर द्याया आली, आन् दार मी उघडलं.”

“मला वाटलं...” ग्वेन हुंदका देत म्हणाली. “घंटा ऐकल्या न् मला वाटलं...”

“काय वाटलं त्ये कळलं ग मला. साखर टाकू?”

एनिडनं साखर टाकली, ढवळली, कप ग्वेनच्या हातात दिला. किटली खाली ठेवायला तिला जमेना तेव्हा मी पुढे होऊन घेतली. मग ती नवऱ्याकडे वळली.

“कुनासाठनं वाजवत हुतास?”

सिरिल धापा टाकत होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, केककडे बघितलं.

“पल्याडच्या गावचा जॅक,” तो म्हणाला. “म्हातारा जॅक. त्यो बी वाजवायचा. गेला काल.”

“जॅक गेला?”

“व्हय.”

“वाईट झालं,” एनिड म्हणाली. “भला मानूस हुता.” ती खिडकीतून बाहेर बघायला लागली. पडदे ओढलेला सबंध रस्ता तिथून दिसत होता. “मंग आपलाच पडदा उघडा कसा, सिरिल? समद्या गावानं ओढल्यात. जॅकला काय वाटंल? ओढ की.”

ग्वेननं रुमाल खाली घेतला. सिरिल खिडकीशी गेला. फुलाफुलांचा जुना पडदा होता. तो एनिडनं शिवलेला होता. त्यानं त्याची कड मुठीत धरली. मी त्याच्या पाठीकडे बघत होते. आता ओढेल, आता ओढेल, असं वाटत राहिलं. कड त्याच्या मुठीत होती आणि हात जागचा सरकत नव्हता.

“ओढ, सिरिल.”

“न्हाई.”

“का रं?”

“न्हाई ओढायचा मला.” त्याचा आवाज लहान मुलासारखा चिरकला. “ह्या घरातला न्हाई ओढायचा मला, एनिड.”

आणि तो पडदा धरूनच खाली बसला, खिडकीखाली, जमिनीवर. टक्कल पडलेलं डोकं भिंतीला टेकवून तो असा रडायला लागला की माझ्यासारख्या मयतं पाहिलेल्या बाईनंही मान फिरवली.

एनिडनं त्याला रडू दिलं. मग म्हणाली, “मला हिवाळ्यापास्नं ठावं हाय.”

त्यानं मान वर केली.

“मंग बोलली का न्हाईस?”

“तू रोज सकाळी यिऊन म्हनायचास, आज रंग बरा दिसतोय. तुला त्ये म्हनायचं असायचं. त्येच्या जोरावर तू कोंबड्यास्नी दानं टाकायचास, चूल पेटवायचास. मी म्हनू दिलं.” तिनं शालीची कड चाचपडली. “पर मला लई भ्या वाटायचं, सिरिल. तू हाताच्या अंतरावर झोपलेला असायचास, आन् मला तुला उठवून सांगता यायचं न्हाई, की मला भ्या वाटतंय. मी एकलीच भ्यायचे.”

आयुष्यात मी पुष्कळ वाईट गोष्टी ऐकल्या आहेत. त्याहून वाईट मी काही ऐकलं नाही. सिरिलचा चेहरा मला बघवेना. तिला भीती वाटू नये म्हणूनच तर त्यानं सगळं केलं होतं.

मी ग्वेनला दंडाला धरून उठवलं आणि आम्ही दोघी बाहेर आलो. ती फाटकाशी म्हणाली, “आता ह्या लोकांस्नी सांगाया पायजे.” आणि स्वतः मात्र आपल्या घरात पळून गेली.

तेव्हा मी सांगत गेले. एकेका दारावर थाप मारायची, काळ्या कपड्यांत कुणीतरी दार उघडायचं, मी म्हणायचे, “एनिड जिवंत आहे. ते शिकणं चाललं होतं, माझ्यासाठी.” कुणी छातीवर हात मारला, कुणी सिरिलला शिव्या घातल्या. एका म्हाताऱ्यानं माझे दोन्ही हात धरून मुके घेतले. माझ्या पाठीमागे एकेक पडदा सरकत होता, खिडक्या उघडत होत्या. खरं तर केवढी आनंदाची बातमी! पण तिसऱ्या-चौथ्या घरानंतर माझ्या लक्षात आलं की लोक हसता हसता गप्प होतात. पडदा उघडताना प्रत्येकाला ठाऊक होतं की तो आज उघडलाय तो किती दिवसांसाठी. काळे कपडे कुणी पेटीत परत ठेवले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवले.

माझी बॅग प्रॉबर्टांच्या स्वयंपाकघरात राहिली होती. ती घ्यायला मी परत गेले तेव्हा पुढच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. सिरिल पलंगावर तिच्याशेजारी, पांघरुणावरून, बूट घातलेलेच पाय लांब करून पडला होता. तिचं डोकं त्याच्या दंडावर होतं. मला तिथून निघायला हवं होतं, पण पाय निघेनात.

“सहावी मागं पडत हुती,” एनिड म्हणत होती. सहावी म्हणजे मोठी, त्याचीच. “पोरगी चांगली वाजवती. सहावी मागं पडत हुती. ऐकलं मी.”

“व्हय.”

“तू तर कधी मागं पडत न्हाईस.”

“कुनासाठनं वाजवतोय त्ये मनात आलं की हातच उचलंना,” तो म्हणाला. “मला न्हाई जमायचं, एनिड. म्या दुसऱ्या कुनाला लावतो तिच्यावर.”

“दुसरं कुनी नगं. तूच. त्या दिशी हात उचल.” तिचा आवाज थकलेला होता, पण शिकवताना असायचा तसाच. “मला नीट जायचंय.”

मी बॅग उचलली आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.

ती मेमध्ये गेली, सफरचंदाच्या बागा पांढऱ्या झालेल्या असताना. मधल्या दिवसांत मी सकाळी गेले की ती दोघं बोलत असायची. काय बोलायची ते मी ऐकलं नाही आणि विचारलंही नाही. कधी रडून डोळे सुजलेले असायचे, कधी मी आत पाऊल टाकल्यावरही हसणं थांबायचं नाही. भीती वाटते का, असं मी तिला एकदाच विचारलं. म्हणाली, “वाटती की. पर आता दोघांस्नी वाटती.”

ज्या दिवशी तिला पुरलं त्या दिवशी आम्ही पाचजण मनोऱ्यात आपापल्या दोऱ्या धरून उभे होतो. सिरिल सगळ्यात शेवटी जिना चढून आला. थडग्यावरची माती त्याच्या बुटांना लागलेली होती. त्यानं कोट काढून खुंटीला अडकवला, बाह्या वर केल्या, दोन्ही हात मोठ्या घंटेच्या दोरीवर ठेवले आणि मला मान हलवून खूण केली.

मी एनिडची दोरी ओढली. एक फेरा मोठ्यानं, एक दबून. तो भिंतीकडे बघत नव्हता आज. तो माझ्या हातांकडे, तिच्या दोरीकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून धार लागली होती. खाली सगळं गाव पडदे ओढून बसलं असणार. आम्ही तासभर वाजवलं. त्या तासात त्याची घंटा एकदाही मागे पडली नाही. माझी पडली, पुष्कळदा पडली, आणि प्रत्येक वेळी तो माझ्यासाठी थांबला.